चौथा केस

ठिपकेबाईला विंचवाची भीती नव्हती. भीती होती पालीची, आणि नेमकी तिच्याच टेबलामागच्या भिंतीवर एक पाल कायमची मुक्कामाला होती. स्पिरिटच्या बरणीतला विंचू उचलून बशीत ठेवताना जिचा हात हलत नसे, ती बाई पाल जरा खाली सरकली की खुर्चीवर चढून ओरडायची, आणि मग संग्रहालयाचा अख्खा मजला तमाशा बघायला गोळा व्हायचा. तिला त्याची लाज नव्हती. "विंचू मेलेला असतो," ती म्हणायची, "पालीचं काही खरं नाही."

तिचं काम किड्यामाकोड्यांची चित्रं काढायचं. भिंतीवर लावायची रंगीत चित्रं नव्हेत, शास्त्रज्ञांच्या लेखांत छापायची, काळ्या शाईची, नुसत्या ठिपक्यांची. सावली तिथे ठिपके दाट, उजेड तिथे विरळ. एका कोळ्याच्या पोटावर ती आठवडाभर ठिपके देत बसे. सरळ फोटो का काढत नाही, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे: फोटोत सगळंच येतं, म्हणून बघायचं ते दिसत नाही. हे वाक्य खरं तर तिच्या सरांचं. पण इतकी वर्षं वापरून ते तिचंच झालं होतं.

त्याआधी ती कापड छापायच्या कारखान्यात नक्षी काढायची. तिथे डावी पाकळी काढली की उजवी हुबेहूब तशीच हवी, आणि फुलाला कीड लागलेली चालत नाही. ती सवय घेऊन ती संग्रहालयात आली. पहिल्याच दिवशी सरांनी तिच्यापुढे एक वाळकं पान ठेवलं. तिनं जीव ओतून ते काढलं. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग पान नेलं, मग पुन्हा कागद.

"या पानाला भोक आहे. तुझ्या पानाचं भोक कुठे गेलं?"

"ते किड्यानं खाल्लंय ना सर. मूळचं पान असं नसणार."

"मूळचं पान तू पाहिलंस?"

"नाही."

"मग दिसतं ते काढ. माहीत आहे ते घरी ठेवून येत जा."

त्यांनी कागद फाडला असता तरी चाललं असतं. त्यांनी तो नीट घडी घालून परत दिला, ते जास्त लागलं. त्या दिवसापासून तिनं भोकाला भोक काढलं आणि तुटक्या पायाला तुटका पाय.

सरांना सगळे पाठीमागे विंचूसर म्हणत. जन्म विंचवांत गेला, पण स्वतःच्या नावावर एकही नवा विंचू नाही. उलट कुठेही कुणी नवी प्रजाती सापडली म्हणून ढोल वाजवले की सर तो नमुना मागवून घ्यायचे, महिनोन्‌महिने न्याहाळायचे आणि शांतपणे लिहून टाकायचे, की ही नवी नाही, ओळखीतलीच आहे. त्यांच्या धंद्यात याला 'बुडवणं' म्हणतात. बुडवलेलं नाव मात्र पुसलं जात नाही. एकदा छापलं ते छापलं. खऱ्या नावाखाली, बारीक अक्षरांत, ते जगाच्या अंतापर्यंत राहतं, आणि ज्यानं चूक केली त्याचं नावही त्याला चिकटून राहतं. सरांनी बऱ्याच मोठमोठ्या माणसांना असं बारीक अक्षरांत पोचवलं होतं. साहजिकच त्यांना मित्र कमी होते.

अशा माणसाला कचेरीत कोण विचारतं? त्यांची खोली कधी गच्चीलगत, कधी जिन्याखाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणत ते स्वतःच बरण्या उचलून निघायचे. निवृत्त झाल्यावरही ते रोज यायचे, कारण येऊ नका असं सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि त्या सुमाराला त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागले. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. माणूस विंचवाच्या नांगीला बोट लावायचा, पण डॉक्टरच्या सुईला घाबरायचा. मायक्रोस्कोपला डोळा लावून उगीच बसायचे आणि म्हणायचे, "ठिपके, जरा बघ गं इथे. मला धुकं दिसतंय." ती बघायची आणि सांगायची. आंधळ्याची काठी म्हणतात तशी ती झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. इतक्या हुशार माणसाला आपल्यावाचून चालत नाही, हे कुणाला आवडणार नाही?

अशात तो वाळवंटातला विंचू आला.

तो शोधला एका ड्रायव्हरनं, आणि तोही ओरडून. पाहणीसाठी गेलेली गाडी वाळूच्या उतारावर थांबली होती. गाडी घसरू नये म्हणून चाकाला उटी लावायला त्यानं दगड उचलला, खाली हा करंगळीएवढा, वाळूच्या रंगाचा जीव. ड्रायव्हरनं बोंब ठोकली आणि दगड होता तिथेच सोडला. विंचवाचे पुढचे पकडीसारखे दोन पंजे असतात, त्यातला उजवा दगडाखाली चिरडला. उरला डावा. पुढे दोनदा माणसं त्याच उताराला जाऊन आली, पण वाळू सरकली होती. दुसरा काही मिळाला नाही.

सरांनी बरणी उजेडाकडे धरली, नाकाजवळ नेली, आणि त्यांचा आवाज बदलला. "याचा रंग बघ. मला दिसत नाही, पण दिसतोय."

विंचवाच्या पंजावर काही केस असे असतात की त्यांनी तो चाहूल घेतो. वाऱ्याची, भक्ष्याची, पायांची. असा प्रत्येक केस एका इवल्या वाटीतून उगवतो. हे केस किती आणि कुठे, त्यावर प्रजाती ठरते. वाळवंटातला जो माहितीतला विंचू होता, त्याच्या पंजाच्या बाहेरच्या अंगाला तीन केस. बाकी सगळं या नव्याचंही तसंच होतं, रंग तेवढा फिका. म्हणजे सगळा न्याय त्या एका डाव्या पंजावर येऊन ठेपला.

ठिपकेबाईनं पंजा बशीत घेतला, बारीक ब्रशनं वाळूचे कण झटकले आणि मोजलं.

"तीन, सर."

"चौथा? पंजाच्या बोटाच्या मुळाशी बघ. असलाच तर तिथे असेल. आहे का?"

"नाही दिसत."

"वाळू असेल गं अजून. साफ कर. नीट कर. आहे का?"

त्यांनी खुर्ची इतकी जवळ ओढली होती की त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. तिनं पुन्हा ब्रश फिरवला, हलक्या हातानं, आणि पुन्हा बघितलं. बोटाच्या मुळाशी एक केस उभा होता. सोनेरी, सरळ, टोकाशी निमुळता.

"आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"आहे, सर. वाळूखाली होता."

सर उठले. पाठमोरे होऊन खिडकीशी उभे राहिले आणि रुमालात खूप वेळ नाक शिंकरत राहिले. ठिपकेबाईला वाटलं, आयुष्यात आपण एवढं मोठं कुणाला काही दिलं नसेल. त्याच भरात तिनं चित्राला हात घातला. केसाच्या बुडाशी वाटी काही तिला दिसली नाही. पण वाटी असतेच. बिनवाटीचा असा केस नसतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. बुडाशी सावली असेल, स्पिरिटची चमक असेल, असं म्हणत तिनं पाच-सहा ठिपक्यांत एक सुबक वाटी काढली. कारखान्यातली बाई इतक्या वर्षांनी परत आली होती, आणि तिला कुणी ओळखलं नाही.

बाहेरच्या दोन जाणकारांनी लेख वाचला, चित्र बघितलं आणि मान डोलावली. ठिपकेबाईचं चित्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेख छापून आला. नवी प्रजाती, सरांची पहिली आणि एकुलती एक. या धंद्यात स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, दुसऱ्याचं द्यायचं असतं. सरांनी तिचं दिलं, मागे लॅटिनची शेपटी जोडून. तिला त्यांनी छापील पान हातात येईपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता.

घरी वहिनीनं तर कहर केला. दादा बोटीवर, वर्षातले दहा महिने समुद्रात. वहिनी पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान चालवायची आणि ठिपकेबाई मागच्या खोलीत राहायची. वहिनीनं ते पान कापून आरशाशेजारी चिकटवलं. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला हात वर करायला लावून ती ऐकवायची, "हा आमच्या वन्संच्या नावाचा विंचू. जगात दुसरा नाही."

"चावतो का हो?" बाई विचारायची.

"वन्संसारखाच. छेडल्याशिवाय नाही."

ठिपकेबाई हसायची. ते हसणं साधारण वर्षभर टिकलं.

मग एक दिवस ती एका कोळ्याचं चित्र काढत होती. डोळ्यांवरची धूळ ब्रशनं झटकली आणि बघते तर काय, कोळ्याच्या डोळ्यातून एक लांब सोनेरी केस उगवलेला. ती मोठ्यानं हसली. डोळ्यात केस! तिनं सुईनं तो उचलला. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला सपाट कापलेला. ब्रशचा केस. जुना झाला की ब्रश झडतोच.

हसू अर्ध्यावर थांबलं. सोनेरी, सरळ, टोकाशी निमुळता.

तिनं जाऊन विंचवाची बरणी आणली. लाल चिठ्ठी लावलेली, कारण प्रजातीचा मूळ नमुना हाच. पंजा बशीत घेतला आणि चौथ्या केसाला सुईनं अगदी अलगद स्पर्श केला. तो सुटला आणि स्पिरिटवर तरंगत बशीच्या कडेला गेला. मागे काही राहिलं नाही, ना वाटी, ना खूण. जिथे तिनं इतकी सुबक वाटी काढली होती, तिथे गुळगुळीत कातडं होतं.

 केस तिनं एका चिमुकल्या नळीत घालून ठेवला. टाकवेना. पुढे कित्येक दिवस जेवताना घास फिरायचा. वहिनी दुकानात "आमच्या वन्संच्या नावाचा" असं सुरू करायची आणि आत ठिपकेबाई नळ सोडून भांडी घासायला लागायची. चूक झाली, हे एक वेळ पचलं असतं. चूक कुणाची होत नाही? पण तिला स्वतःचं तोंड आठवायचं, "आहे, सर" म्हणतानाचं. ते म्हणताना किती गोड वाटलं होतं, ते आठवलं की तिला स्वतःची किळस यायची.

आणि तेवढ्यात सर ऑपरेशनला तयार झाले. नवी प्रजाती नावावर लागल्यापासून माणूसच बदलला होता.

आदल्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली, सांगायचंच असं ठरवून. सर पलंगावर मांडी घालून बसले होते. "ये गं. डोळा उघडला की पहिल्यांदा बरणीतल्या तिला बघायचं. नातवाचं तोंड नंतर."

"ऐकलं हो मी," स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाल्या.

"ऐका. माझी आहे ती." मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "ठिपके, मी जन्मभर दुसऱ्यांचं बुडवत आलो. खरं होतं म्हणून बुडवलं, पण लोक म्हणायचे, याला स्वतःला काही जमत नाही म्हणून. तेही खरंच होतं. आता एक माझं राहील. ते चित्र बघितलं, पण मोठ्या भिंगातून, धुक्यात. तुझ्या डोळ्यांनी बघितलं. एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे."

सूनबाईंनी चहा आणला. ठिपकेबाईनं तो गरम-गरमच घोटला, जीभ पोळली, आणि जीभ पोळली हे एक निमित्त झालं.

"तू गप्प का?"

"चहा गरम आहे," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

आता उघड होतं. दृष्टीआड सृष्टी होती तोवर चाललं. पट्टी सुटली की सर येणार, बशीत पंजा ठेवायला सांगणार, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात मुरलेले ते डोळे पहिल्या झटक्यात सांगणार, की इथे काही नाही. त्यांची एकुलती एक प्रजाती त्यांच्याच नव्या डोळ्यांनी बुडणार.

मग तिनं जे केलं ते त्या धंद्यात कुणी करत नाही. सरांची पट्टी सुटणार त्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिनं तुटके नमुने जोडायचा, स्पिरिटमध्ये न विरघळणारा डिंक घेतला, नळीतला केस काढला आणि मूळ नमुन्यावर, बोटाच्या मुळाशी, तो चिकटवला. डिंकाचा थेंब सुईनं असा गोल फिरवला की त्याची वाटी झाली. 'केसानं गळा कापणे' याचा वाक्यात उपयोग तिनं शाळेत करून दाखवला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. डिंक वाळेपर्यंत ती बसून राहिली. पाल भिंतीवरून उतरून दिव्यापाशी आली. ठिपकेबाई खुर्चीवर चढली नाही. आपल्यापेक्षा ओंगळ इथे दुसरं काही नाही, असं तिला खरोखर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले, काळा चष्मा लावून, जिन्याचा कठडा न धरता. आल्याआल्या चष्मा वर करून त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"अगं, तू म्हातारी झालीस की!"

"डोळे तुमचे नवे आहेत, सर. मी जुनीच आहे."

ते खूश होऊन हसले आणि मायक्रोस्कोपपाशी बसले. तिनं बशी ठेवली. तिचं तोंड त्यांना आता नीट दिसू शकत होतं, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. बराच वेळ त्यांनी बोटांनी भिंग पुढेमागे केलं.

"एक," ते पुटपुटले. "दोन. तीन."

मग त्यांनी भिंग आणखी जरा फिरवलं. चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा रुमालानं टिपल्या.

"डॉक्टर म्हणालेत, महिनाभर रडायचं नाही," ते म्हणाले. "आहे गं. तू म्हणालीस तस्साच आहे."

तिनं मनाशी खूप तयारी केली होती, ते ओळखतील तेव्हा काय बोलायचं याची. त्यांनी ओळखलं नाही, तर काय करायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं. जन्मभर कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस तिच्या डिंकाच्या वाटीवर विश्वास ठेवून रडत होता. हे काही तिला सहन झालं नाही.

"सर," ती म्हणाली, "ती सुई घ्या आणि चौथ्या केसाला हात लावा."

"वेडी का खुळी तू? मोडेल तो."

"लावा, सर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुई उचलली. सुई बशीच्या काचेवर टेकल्याचा बारीक आवाज आला आणि केस वाटीसकट सुटून आला. मग सर डोळा न काढताच बोलले.

"ब्रशचा?"

"हो."

"मग चित्रात वाटी कुठून आली?"

"दिसली नव्हती. माहीत होती."

त्यांनी सुटलेली वाटी सुईनं उलटी केली. "आणि हा डिंक?"

"काल दुपारी."

सरांनी सुई खाली ठेवली. ते ओरडले असते, बशी फेकली असती, तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांचं तोंड एकदम लहान झालं, खेळणं हिसकावून घेतलेल्या पोरासारखं, आणि ते बघायची शिक्षा तिला झाली.

"केस आणि वाटी, यात मीही आहे," ते म्हणाले. "मी तुला बघ म्हणत नव्हतो. आहे म्हण, असं म्हणत होतो. पण डिंक तुझा एकटीचा."

"हो, सर."

"माफ कर असं म्हणू नकोस. मला आत्ता जमणार नाही."

ती म्हणाली नाही.

त्यांनीच लिहिलं, दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. जसं इतरांचं लिहायचे तसंच, शांतपणे: ही प्रजाती नवी नाही, ओळखीतलीच आहे, चौथा केस हा केस नव्हता, जबाबदारी लेखकाची. डिंकाबद्दल एक वाक्य होतं, त्यात तिचं नाव होतं. तिनंच ते घालायला लावलं. संग्रहालयानं बरण्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली, आणि त्यात अन्याय काही नव्हता.

घरी तिनं वहिनीला सगळं सांगितलं आणि आरशाशेजारचं पान काढायला सांगितलं. वहिनीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"म्हणजे तुमचं नाव आता खोडणार?"

"नाही. खोडता येत नाही. खाली राहतं, बारीक अक्षरांत. माझं आणि सरांचं. जोडीनं. कायमचं."

"खोडलं असतं तर बरं होतं की," वहिनी म्हणाली. तिनं पान सोलून काढलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, आणि तिथे तिनं मापाची पट्टी टांगली.

लेखाला चित्र हवं होतं, त्याच डाव्या पंजाचं, नव्यानं. दुसरा चित्रकार बोलवा, असं ठिपकेबाई म्हणाली. सरांनी बशी तिच्यापुढे सरकवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. यावेळी बरीच लांब. तिनं नवा ब्रश घेतला, मग तो खाली ठेवला आणि नमुना नुसत्या स्पिरिटनं धुतला. मग दिवसभर ठिपके देत राहिली. पंजाची कड, तीन केस, तीन वाट्या. बोटाच्या मुळाशी येऊन तिचं पेन कागदाच्या वर थांबलं. तिथे उजेड होता, ठिपका द्यायला जागाच नव्हती. हात मात्र सवयीनं खाली येऊ बघत होता. तिनं पेन बाजूला नेलं.

सर उठून जवळ आले. कागद डोळ्यांजवळ नेला, मग मायक्रोस्कोपला डोळा लावला, मग पुन्हा कागद. त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे?"

"काही नाही, सर."

"माहीत आहे, की बघितलंस?"

तिनं मान खाली घातली, डोळा भिंगाला लावला आणि पुन्हा एकदा बघितलं, पाणी येऊन सगळं धूसर होईपर्यंत. डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"बघितलं," ती म्हणाली.